सहा महिन्यांत दोन निकाल: सांगोल्याचं मत नक्की कुणाचं?

माझं गाव सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातलं. राहायला पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण मतदार यादीतलं नाव मी मुद्दाम गावातच ठेवलंय. २०२४ च्या दोन्ही निवडणुका झाल्यावर ऑफिसात, सोसायटीत, जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळीकडे मला एकच प्रश्न यायचा, की तुमच्या सांगोल्याचं नेमकं चाललंय काय. उत्तर द्यायला बसलं की पाच मिनिटात संपत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी काय घडलं ते. ७ मे २०२४ ला माढा लोकसभेचं मतदान झालं. भाजपचे रणजितसिंह नाईक निंबाळकर तेव्हा खासदार होते, त्यांच्यासमोर शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून अकलूजचे धैर्यशील मोहिते पाटील, आणि मोहिते पाटील एक लाख वीस हजारांच्या फरकाने निवडून आले. माळशिरस, माढा, करमाळा या तीन तालुक्यांनी त्यांना भरभरून मतं दिली. सांगोल्याने मात्र निंबाळकरांना साडेचार हजारांच्या आसपास लीड दिलं. लीड छोटंच, पण शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, उघडपणे मोहिते पाटलांसोबत होती आणि सांगोला म्हणजे शेकापचा बालेकिल्ला असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, तरी हे झालं. मग २० नोव्हेंबरला विधानसभा. राज्यात महायुतीने २३० च्या वर जागा घेतल्या, अशी लाट कुणी बघितली नव्हती, आणि त्याच निकालात सांगोल्यात महायुतीचे विद्यमान आमदार शहाजीबापू पाटील पडले. शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांच्या वर मतांनी निवडून आले, अख्ख्या महाराष्ट्रात शेकापचा निवडून आलेला तो एकच आमदार.

म्हणजे राज्य मविआकडे झुकलं होतं तेव्हा सांगोला भाजपच्या बाजूला राहिला, आणि राज्य महायुतीच्या मागे गेलं तेव्हा सांगोला शेकापच्या लाल बावट्यामागे. बाहेरचा माणूस म्हणतो मतदार फिरला. गावातला म्हणतो कुणीबी फिरल्यालं नाय, ज्यो तो आपल्या जाग्यावर हाय. मला गावातल्या माणसाचं जास्त पटतं, पण पूर्ण पटत नाही, कुठं पटत नाही ते पुढे येईल.

ज्यांनी सांगोला बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं. पंढरपूरच्या दक्षिणेला, मिरज-कुर्डुवाडी रेल्वेलाईनवरचं तालुक्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेची लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास होती. रविवारचा जनावरांचा बाजार पार कर्नाटकापर्यंत माहितीये, खिलार बैल बघायचा तर इथंच. माण नदी आहे पण ती वर्षातले बरेच महिने वाळूचीच. पाऊस कमी, त्यामुळे डाळिंब. डाळिंबाने लोकांची घरं बांधली, पोरं इंजिनियर केली, आणि मग तेल्याने, मर रोगाने, नंतर खोडकिडीने त्याच लोकांच्या बागा काढायला लावल्या. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला, तेव्हा टीव्हीवर गावाचं नाव आलं म्हणून आम्ही पुण्यात बसून व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतो. इतिहासात नाव आहे ते १७५० च्या सांगोल्याच्या कराराचं, ज्यात छत्रपतींचा कारभार पेशव्यांच्या हातात गेला. शाळेत सर मोठ्या अभिमानाने सांगायचे.

पाणी हा इथला खरा विषय, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. नीरा उजव्या कालव्याचं पाणी सांगोल्याला शेवटी मिळतं, आपण टेलला. वरचे भिजले की उरलं तर आपलं. टेंभू आणि म्हैसाळ या कृष्णेच्या उपसा योजना, त्यांचं पाणी यायला दोन पिढ्या गेल्या. तुम्ही मतांचा कुठलाही हिशोब मांडा, त्या कागदाखाली हे पाणी असतंच.

आता आबासाहेब. गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला सांगोल्यात आले आणि १९६२ ला शेकापकडून पहिल्यांदा आमदार झाले. १९६७ ला परत. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग ७८, ८०, ८५, ९०. १९९५ ला पडले, आणि ९९, २००४, २००९, २०१४ असे परत सलग. एकूण अकरा वेळा. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये मंत्री, १९९९ नंतर विलासरावांच्या सरकारमध्ये मंत्री, बाकी जवळजवळ सगळं आयुष्य विरोधी बाकावर. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांची बातमी दर दोन-चार वर्षांनी कुठं ना कुठं यायची, पण आमच्याकडे ती बातमी नव्हती, बसस्टँडवर आबासाहेब दिसणं ही रोजची गोष्ट होती. त्यांच्या नावाने लोकांना तीन गोष्टी आठवतात. एक सूतगिरणी, जिथं तालुक्यातल्या कितीतरी घरातली माणसं कामाला लागली. दुसरं तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ, नागनाथअण्णा नायकवडींसोबत, आटपाडीला दर वर्षी पाणी परिषद भरायची आणि आमच्या गावातनं ट्रक भरून माणसं जायची, माझे आजोबा चुकवायचे नाहीत. आणि तिसरं म्हणजे माणूस आला की त्याचं काम ऐकून घेणं, काम होवो न होवो.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना किरकोळ वाटते पण मतांच्या हिशोबात तीच सगळ्यात मोठी आहे असं माझं मत. आमच्या आत्याच्या घरी आबासाहेबांचा फोटो देवघराच्या बाजूच्या भिंतीवर आहे. आत्याला शेकाप म्हणजे काय विचाराल तर तिला सांगता येणार नाही, मार्क्स वगैरे तर लांबच, तिला माहितीये एवढंच की १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजेरीचे पैसे अडले होते आणि त्यासाठी लाल बावटेवाले कचेरीत जाऊन बसले होते. पन्नास वर्षं झाली त्याला. ती अजून सांगते.

पण इथंच थांबलो तर हे प्रकरण म्हणजे नुसती आबासाहेबांची आरती होईल, आणि सांगोल्यावरच्या बहुतेक लेखांची गाडी इथंच अडकते. आकडे वेगळं सांगतात. १९९५ ला आबासाहेब पडले ते १९२ मतांनी. समोर होते काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील, चिकमहूदचे. त्यानंतर बापू पुन्हा पुन्हा उभे राहिले, कधी काँग्रेसकडून, शेवटी शेवटी शिवसेनेकडून, आणि पडत राहिले. २०१४ ला शिवसेनेकडून उभे होते, आबासाहेबांना ९४ हजारांच्या वर मतं आणि बापूंना ६९ हजारांच्या वर. बघा, जो माणूस वीस वर्षं सारखा पडतोय आणि मधल्या काळात पक्षही बदलतोय, त्याला ६९ हजार मतं मिळतात. म्हणजे ती मतं पक्षाची नव्हती. ती बापूंची होती, किंवा अजून नीट म्हणायचं तर ती आबासाहेबांच्या विरोधातल्या गटाची होती, आणि हा गट कायम होता, प्रत्येक गावात होता, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक दूधडेअरीत होता. बालेकिल्ला म्हटलं की आपल्याला वाटतं सगळा गाव एका बाजूला. सांगोल्यात असं कधीच नव्हतं. जिंकणारा एकच होता म्हणून विरोधातली मतं बाहेरच्यांना दिसली नाहीत एवढंच.

आमच्याच गावात बघा ना. वरची आळी लाल बावट्याची, खालची आळी बापूंची, आणि हे कुणी कुणाला विचारायची गरज नाही. दुष्काळात चारा छावणी कुठल्या गटाच्या माणसाची आहे त्यावर जनावरं कुठं बांधायची ते ठरायचं. लग्नाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव आधी यावरनं ओळखू येतं. आणि तरी एकमेकांच्या मातीला, सावडायला सगळे जातात, हेही खरं.

जातीचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. तालुक्यात धनगर आणि मराठा हे दोन मोठे समाज. आबासाहेब धनगर समाजाचे, बापू मराठा, आणि ज्यांचं पुढे येईल ते दीपकआबा साळुंखेही मराठा. बाहेरचे पत्रकार आले की पहिल्या दहा मिनिटांत हे गणित मांडतात आणि निघून जातात. गणित साफ खोटं नाही, पण त्याने अकरा विजय समजत नाहीत. एका समाजाच्या मतावर अकरा वेळा निवडून येता येत नाही, मराठा वाड्यावस्त्यांवर लाल बावट्याची जुनी घरं आहेत, आमचं घर त्यातलंच एक. आणि खालच्या आळीत बापूंचं काम करणारी धनगर पोरं पण आहेत. जात कुठं उपयोगी पडते तर काठावरच्या मतदाराला. ज्याचं घर गटात पक्कं आहे त्याचं मत जातीवर हलत नाही, हे मी स्वतः डोळ्याने बघितलंय.

मग निकाल ठरतो कशावर? माझं उत्तर, तिसऱ्या गटावर. सांगोल्यात गट दोन नाहीत, तीन आहेत. तिसरा साळुंखेंचा, दीपकआबा साळुंखे, जुनं काँग्रेसी घर, नंतर राष्ट्रवादी. ते विधानपरिषदेवर आमदारही राहिलेत. हा गट एकट्याच्या बळावर निवडून येण्याइतका मोठा नाही पण ज्याच्या बाजूला जाईल त्याचं पारडं जड करण्याइतका नक्कीच मोठा. राष्ट्रवादी आणि शेकापचं जमायचं त्या वर्षांत हा गट आबासाहेबांच्या मागे असायचा.

२०१९ ला हे मोडलं. आबासाहेब ९३ वर्षांचे झाले होते, त्यांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं. शेकापने आधी एक नाव जाहीर केलं, कार्यकर्ते चिडले, गावोगावचे लोक आबासाहेबांच्या दारात जाऊन बसले, शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं, हातात दिवस मोजके. तिकडे साळुंखेंनी आघाडी बाजूला ठेवून बापूंना मदत केली. बापू शिवसेनेचे, युतीचे उमेदवार. निकाल लागला ७६८ मतांनी. बापूंना ९९ हजारांच्या वर, अनिकेत यांना ९८ हजारांच्या वर.

७६८. तालुक्यात शंभर गावं धरा, गावामागं आठ मतंसुद्धा होत नाहीत.

मी त्या वर्षी मतदानाला गेलो नव्हतो. २१ ऑक्टोबर, सोमवार होता, पाऊस लागून राहिला होता, ऑफिसात क्लायंटची डेडलाईन होती, आणि मनात खात्री की आबासाहेबांचा नातू आहे, येतोय निवडून. माझी बायको, माझा भाऊ, त्याची बायको, आम्ही चौघं पुण्यातच राहिलो. त्या दिवशी पुण्यात, मुंबईत, इचलकरंजीत आमच्यासारखे किती जण घरी बसले असतील कुणास ठाऊक. निकालाच्या दिवशी वडिलांचा फोन आला, ते काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले, तुम्ही चौघं आला असता तर आकडा ७६४ झाला असता. त्यानंतर बराच वेळ ते बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. ती गोष्ट माझ्या मनातनं गेलेली नाही.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. आणि जून २०२२ मध्ये बापू एकनाथ शिंदेंसोबत गुवाहाटीला. तिथनं आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" म्हणाले आणि ती क्लिप राज्यभर गेली. लोकांनी त्यावर गाणी केली, रील केल्या. सांगोल्यात त्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला हे बाहेर कुणी लिहिलं नाही. एका बाजूला बापूंना मानणाऱ्या माणसांना वाटलं, आपला माणूस आपल्या बोलीत बोलला आणि अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं, यात वाईट काय. ही भावना खरी आहे, आमची बोली टीव्हीवर नोकराच्या नाहीतर गुंडाच्याच तोंडी असते, आमदाराच्या तोंडी ती ऐकून मलाही क्षणभर बरं वाटलेलं. दुसऱ्या बाजूला म्हातारी माणसं दुखावली. तालुक्याची ओळख साठ वर्षं एका साध्या राहणीच्या माणसावरनं होती आणि आता हॉटेलवरनं झाली, हे त्यांना लागलं. आत्या एवढंच म्हणाली, "आरं, आपल्या तालुक्याला लोक आधी काय म्हणून वळखायचं." पुढे बोलली नाही.

बापूंनी काम केलं नाही असं कुणी म्हणत असेल तर ते अन्यायाचं होईल. सत्तेत असल्यामुळे तालुक्यात निधी आला, रस्ते झाले, उजनीच्या पाण्यावरची रखडलेली सांगोला उपसा सिंचन योजना बाळासाहेब ठाकरेंच्या नावाने परत मार्गी लागली. बापूंचा प्रचार सगळा त्यावरच होता, आबासाहेब विरोधात बसले म्हणून तालुका मागे राहिला, मी सत्तेत गेलो म्हणून पाणी आलं. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. साठ वर्षं प्रामाणिक राहून पाणी उशिरा आलं, आणि गट बदलून निधी लवकर आला, हे तरुण पोरं आपसात बोलतात, त्यांना उत्तर द्यायला लाल बावट्याच्या जुन्या माणसांना जड जातं. वडिलांनाही जड जायचं. ते म्हणायचे टेंभूचं पाणी आंदोलनातनं आलं, कुणाच्या मेहेरबानीतनं नाही, आणि तेही खरंच होतं.

तर २०२४ ची विधानसभा. शेकापमध्ये दोन नातवांपैकी कोण यावर बराच खल झाला आणि बाबासाहेब देशमुख ठरले. महायुतीकडून बापू. आणि साळुंखे ऑक्टोबरमध्ये उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेत गेले आणि मशाल चिन्ह घेऊन उभे राहिले. शेकाप मविआतला जुना मित्रपक्ष, तरी मविआचाच दुसरा उमेदवार समोर. यावरनं वर मुंबईत बरीच ओढाताण झाली, पण खाली गावात लोकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांच्या हिशोबात ही मविआ-महायुती नव्हतीच, आबासाहेबांचा गट, बापूंचा गट, दीपकआबांचा गट अशीच लढत होती.

निकाल: बाबासाहेब देशमुख १ लाख १६ हजारांच्या वर, शहाजीबापू ९० हजारांच्या वर, साळुंखे ५१ हजारांच्या जवळपास.

पहिल्या नजरेत सोपं दिसतं. बापू आणि साळुंखे यांची बेरीज १ लाख ४१ हजारांच्या वर, म्हणजे २०१९ सारखे एकत्र असते तर शेकाप पडली असती. बापूंच्या माणसांचं हेच म्हणणं आहे. तिसरा गट वेगळा झाला, मतं फुटली, संपलं. मीही पहिला आठवडा हेच सांगत होतो.

पण नंतर आकडे परत मांडले तेव्हा अडखळलो, आणि गावातल्या माणसाचं ते "कुणीबी फिरल्यालं नाय" मला इथं पटेनासं झालं. २०१९ ला बापूंच्या ९९ हजारांमध्ये साळुंखेंच्या गटाची मतं होती असं सगळेच धरतात. ती ५१ हजार वजा केली तर बापू ५० हजारांच्याही खाली यायला हवे होते. ते ९० हजारांवर राहिले. म्हणजे बापूंनी पाच वर्षांत बाहेरनं, नवीन मतदारातनं, भाजपच्या मतातनं, लाडक्या बहिणीच्या पैशातनं, निधीतनं, कशातनं का असेना, मोठी भर घातली. दुसरं म्हणजे शेकापची मतं ९८ हजारांवरनं १ लाख १६ हजारांवर गेली, सतरा-अठरा हजार वाढली. मतफुटीने समोरच्याची मतं कमी होतात, आपली वाढत नाहीत. ही वाढ कुठनं आली?

मतदानाचा एकूण आकडा वाढला होता हे एक कारण, पाच वर्षांत नवीन नावं चढली, लोक बाहेरही जास्त पडले. पण माझ्या मते मोठं कारण ते ७६८ होतं. १९ नोव्हेंबरच्या रात्री मी स्वारगेटला उभा होतो, सांगोल्याच्या गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती, दोन गाड्या सोडल्या, तिसरीत उभं राहून इंदापूरपर्यंत गेलो. गाडीतली निम्मी पोरं अशी होती जी २०१९ ला गेली नव्हती. कंपनीतली, हॉटेलात काम करणारी, नर्सिंगच्या मुली, एक जण तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या शिफ्टला परत येणार होता. खालच्या आळीचीही पोरं होती त्यात, बापूंना मतदान करायला चाललेली, त्यांनाही माहिती होतं की आठ-दहा मतांवर तालुका पडू शकतो. कुणी कुणाशी भांडलं नाही, एकमेकांना गुटखा-पाणी देत गेले. इतक्या कमी फरकाची निवडणूक झाली की पुढच्या वेळी प्रत्येकाला आपल्या मताची किंमत कळते, आणि ज्याचा गट पडलेला असतो त्याला जरा जास्तच कळते.

आबासाहेब नसलेली ही पहिली विधानसभा होती हेही विसरून चालणार नाही. हयात असताना त्यांच्या विरोधात मत देणारा माणूस पण गेल्यावर हळवा झालेला मी बघितलाय. आमच्या शेजारचे काका, तीस वर्षं बापूंचे. ते म्हणाले, "ह्या टायमाला म्हाताऱ्याला." एवढंच.

आणि जिल्ह्याचंही बघायला पाहिजे, नाहीतर सांगोला म्हणजे कुठला तरी वेगळाच चमत्कार असं वाटेल. सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा जागांपैकी सोलापूर शहरातल्या जागा, दक्षिण, अक्कलकोट, पंढरपूर अशा पाच भाजपला गेल्या. पण माळशिरस, माढा, करमाळा, मोहोळ शरद पवारांच्या राष्ट्रवादीला, बार्शी ठाकरेंच्या सेनेला, सांगोला शेकापला. म्हणजे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा मोठा पट्टा राज्याच्या लाटेत गेलाच नाही. प्रत्येक तालुक्याचं कारण वेगळं असेल, पण सगळीकडे एक सारखं दिसतं, की कारखाने, सोसायट्या, जुनी घराणी आणि त्यांचे गट जिथं घट्ट आहेत तिथं राज्याचा वारा गावाच्या वेशीवर मंदावतो.

राहिला लोकसभेचा प्रश्न, ज्याच्यापासून सुरुवात केली. मे महिन्यात शेकापचा मतदार भाजपकडे गेला होता का? काही प्रमाणात गेला असणार, नाहीतर लीड बसत नाही. बापू आमदार होते, सत्ता हातात होती, त्यांचा गट निंबाळकरांसाठी पूर्ण ताकदीने फिरला. लाल बावट्याचा कार्यकर्ता मोहिते पाटलांच्या सभेला गेला, व्यासपीठावर बसला, पण घरी येऊन चुलीजवळ बसलेल्या माणसाला त्याने रेटून सांगितलं नाही. का, तर समोर आबासाहेबांच्या घरातलं कुणी नव्हतं. अकलूजचा उमेदवार म्हणजे आमच्याकडे थोडं मनात अडतं, कालव्याच्या वरच्या अंगाचा तालुका आणि टेलचा तालुका हे नातं काय असतं ते टेलला राहिल्याशिवाय कळत नाही. हे कुणी भाषणात बोलत नाही, मी हे आमच्या पारावर ऐकलेलं सांगतोय. दिल्लीला कोण जातंय यावर आमच्याकडे उमेदवार बघून, मोदी बघून, नाहीतर त्या वर्षीचा कांद्या-डाळिंबाचा भाव बघून मत पडतं. आमदारकीला मात्र घराचा इतिहास बघून पडतं. दोन पेट्या, दोन वेगळे हिशोब, माणूस तोच.

आत्याला मी विचारलं होतं, मे मध्ये कुणाला दिलं. तिने सांगितलं नाही, हसली फक्त आणि म्हणाली, "त्ये दिल्लीचं मत हुतं, त्याचं काय एवढं." नोव्हेंबरमध्ये मात्र विचारायची वेळच आली नाही. सकाळी सात वाजता तीच शाळेच्या व्हरांड्यात रांगेत पहिली उभी होती, गुडघे धरलेले, नातीच्या खांद्यावर हात, आणि मला लांबनं बघून तिने चार बोटं वर केली, म्हणजे चौघं आलात का? मी हो म्हणून मान हलवली. मागे भाऊ, त्याची बायको आणि माझी बायको गाडीतनं पिशव्या काढत होते.